दादांना दाखवायचं नाही

साठ हजार. तीस लाखांचं घर, दोन टक्के दलाली, म्हणजे साठ हजार. मोजणीदाराने हा हिशेब आधी मनात केला, मग दाढी करताना आरशासमोर केला, आणि तरी जीव थंड होईना म्हणून ऑफिसात एका रद्द झालेल्या नकाशाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडून पाहिला. तिन्ही वेळा उत्तर तेच आलं आणि तिन्ही वेळा ती रक्कम साडूच्या खिशात गेली.

दुसरा कोणी दलाल असता तर साठ हजार ही नुसती रक्कम होती. साडू म्हटल्यावर तिची ठसठस झाली. मोजणीदाराची भूमापन कार्यालयात सव्वीस वर्षं झाली होती. उन्हात साखळी ओढली, भावाभावांच्या भांडणात हद्द कुठे आहे ते दाखवून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या, आणि एक तारखेला जो मिळेल तो पगार घेऊन मुकाट घरी आला. साडू, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शाळेत गणितात दोनदा गटांगळी खाल्लेला. त्याला त्रिकोणाचं क्षेत्रफळ विचारलं तर तो 'कॉर्नरचा प्लॉट आहे का' असं विचारील. पण जमीन मोजणाऱ्याकडे स्कूटर होती आणि जमीन विकून देणाऱ्याकडे मोटार. काम काय, तर कुलूप उघडायचं, पंखा लावून दाखवायचा आणि खिडकीशी उभं राहून 'वारा बघा' म्हणायचं. वाऱ्याचे साठ हजार.

घर राहायला नको होतं, भाड्याने द्यायला हवं होतं. बायको एकोणीस वर्षं राहत्या घरात पाळणाघर चालवत होती. लोकांची पोरं उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. सकाळी पट्टा आवळल्याशिवाय तिला वाकता येत नसे. दरमहा दहा हजार भाडं सुरू झालं की पाळणाघर बंद, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. तीस लाखांतले अठरा त्याचे, बारा तिचे. तिचे बारा म्हणजे एकोणीस वर्षांची शी-शू, रडारड आणि दुपारच्या न झालेल्या झोपा.

"भावोजींना सांगू या," बायको म्हणाली.

हे वाक्य त्या घराला नवीन नव्हतं. नळ गळला की भावोजी, गॅसचा नंबर लागत नाही की भावोजी. मोजणीदाराला कधीकधी वाटे, उद्या आपण मेलो तरी ही आधी भावोजींना फोन करील आणि म्हणेल, खरंच गेलेत का ते जरा येऊन बघता का. दलालीचा विषय त्याने काढला तेव्हा ती सहज म्हणाली, घरच्यांकडून कसली घेतात ते. त्यावर त्याने तिला ऐकवलं की दलाल सख्ख्या बापालाही दोन टक्के लावतो. साडूला सरळ विचारलं असतं तर एका वाक्यात निकाल होता. पण विचारणं म्हणजे मागितल्यासारखं, आणि साडूकडे मागण्यापेक्षा मोजणीदाराने विहीर जवळ केली असती.

साडूने तीन घरं दाखवली. मोजणीदार प्रत्येक ठिकाणी स्वतःची टेप घेऊन गेला. पहिल्या घराची भिंत काटकोनात नव्हती, दुसऱ्याचा हॉल कागदापेक्षा चार इंच आखूड, आणि तिसऱ्यात काहीच सापडेना तेव्हा त्याने दिशेत खोट काढली. साडू हसला. त्याचं हे हसणं मोजणीदाराला सर्वांत जास्त झोंबायचं. शांत, पोट भरलेल्या माणसाचं हसणं ते. "घाई नको दादा," साडू म्हणाला, "वर्षअखेरीला माल येतो बाजारात. सध्या जे आहे ते तुमच्या कामाचं नाही."

तुमच्या कामाचं नाही, म्हणजे कोणाच्या कामाचं आहे? मोटारीतून येणाऱ्यांच्या?

त्या आठवड्यात रविवारी साडूकडे जेवायला बोलावणं होतं. जेवणं झाली, बहिणी-बहिणी आत गेल्या, साडू फोन घेऊन गॅलरीत गेला आणि टेबलावर त्याची डायरी तशीच राहिली. जाड, कडा मळलेली, रबरबँड लावलेली. दुसऱ्याची डायरी वाचू नये हे मोजणीदाराला माहीत होतं. म्हणून त्याने ती हातात घेतली नाही, नुसतं एका बोटाने पानं उलटली.

प्रत्येक पानावर एक घर. पत्ता, मजला, क्षेत्रफळ, किंमत, मालक कोण, किल्ली कोणाकडे. सतराव्या पानावर बोट थांबलं. दोन खोल्या, चौथा मजला, बाजारपेठेपासून पाच मिनिटं, एकतीस लाख. मोजणीदाराला त्या भागातले भाव तोंडपाठ होते. तिथे छत्तिसाच्या खाली काही मिळत नव्हतं. आणि त्या पानाच्या खाली साडूच्या गिचमिड अक्षरात लिहिलं होतं, 'दादांना दाखवायचं नाही.' खाली दोन रेघा.

गॅलरीचं दार वाजायच्या आत डायरी जागच्या जागी होती. मोजणीदार मात्र जागचा हलला होता. म्हणजे आपला संशय खरा. पाच लाखांनी स्वस्त घर हातात असून हा आपल्याला वाकड्या भिंती दाखवत फिरला. घरी जाताना बायको मागच्या सीटवरून बहिणीच्या नव्या पडद्यांचं कौतुक करत होती आणि मोजणीदार स्कूटर चालवता चालवता पत्ता पाठ करत होता.

बाजारात दुसरा एक दलाल होता. ऊन असो नसो, त्याच्या कपाळावर चढवलेला गॉगल कायम, म्हणून त्याला सगळे गॉगलच म्हणत. मोजणीदाराने त्याच्यासमोर पत्ता ठेवला आणि एकच अट घातली, समोरच्या दलालाला आपलं नाव कळता कामा नये.

"साहेब, आमच्यात पार्टीचं नाव सांगतो कोण?" गॉगल म्हणाला. "नाव सांगितलं की पार्टी गेली. मी फक्त म्हणणार, सरकारी नोकर आहे, पैसा तयार आहे."

धंद्याची ही रीत मोजणीदाराला भलतीच आवडली. किल्ली साडूच्या माणसाकडून आली आणि तिला आपण कोणाच्या हातात पडलो याचा पत्ता नव्हता. चौथ्या मजल्यावर जिन्याने चढावं लागलं, कारण लिफ्टला 'दुरुस्ती चालू' अशी पाटी टांगलेली होती. गॉगलने दिलगिरी व्यक्त केली. मोजणीदार धापा टाकत होता, पण मनात त्याला गुदगुल्या होत होत्या. बंद लिफ्ट म्हणजे भाव पाडायला आयतं हत्यार. घर छान होतं. दुपारची शांतता, बेडरूममध्ये तर टाचणी पडली तरी ऐकू यावी. त्याने टेप काढली, एक भिंत सोडली नाही. कागदावर चारशे वीस चौरस फूट होते, भरले चारशे चौदा.

सहा फुटांचे साठ हजार आणि लिफ्टचे चाळीस, असा एक लाख त्याने पाडून घेतला. घर बरोबर तिसात बसलं. दलाली साठ हजार द्यायची, पण कमी केला एक लाख, म्हणजे तरी चाळीस हजारांनी आपण वर. साडूला ठेंगा, ती मजा वेगळी. त्याने लाखाचं टोकन देऊन टाकलं.

बायकोला त्याने सांगितलं, ऑफिसातल्या ओळखीने घर मिळालं, मध्ये दलाल नाही. तिने भावोजींना दाखवू या म्हटलं, तर म्हणाला, ते बिचारे कामात असतात. 'बिचारे' हा शब्द साडूला लावताना त्याला फार बरं वाटलं. कागद त्याच्या एकट्याच्या नावाने तयार झाले, तिचं नाव मागाहून चढवू असं ठरलं. दलालीचे साठ हजार बायकोच्या हिशेबात नोंदणीखर्चाच्या पोटात घातले. नाहीतरी नोंदणीखर्च किती येतो हे कोण विचारतं.

नोंदणी कार्यालयात बाकावर घरमालक बसला होता. दंतवैद्य होता तो, स्वच्छ हातांचा, सारखा घड्याळ बघणारा. मोजणीदार त्याच्याशेजारी बसला. मग जिन्यावरून समोरच्या बाजूचा दलाल आपली दलाली घ्यायला आला आणि तो साडू होता. मोजणीदाराने या क्षणाची बरेच दिवस तयारी केली होती. चेहरा कसा ठेवायचा, पाय कसा हलवायचा, सगळं. साडूचा चेहरा पडला की आपण सहज म्हणायचं, अरे, तुम्ही इथे कुठे.

साडूचा चेहरा पडला, पण मोजणीदाराला हवा होता तसा नाही. पोराला रस्त्याच्या मधोमध बघितल्यावर आईचा होतो तसा झाला. त्याने मोजणीदाराचं कोपर धरलं आणि त्याला पाण्याच्या कूलरजवळ नेलं.

"पार्टी तुम्ही?"

"का, मी पार्टी असू नये?"

"दादा, हे घर तुम्हाला कुठून कळलं?"

"लपवलेलं कळत नाही असं वाटलं का तुम्हाला?"

साडूला बहुधा डायरी आठवली, पण त्याने ते बोलून दाखवलं नाही. खालच्या आवाजात एवढंच सांगितलं की बेडरूमच्या भिंतीमागे लिफ्टचं मशीन आहे. लिफ्ट हलली की भिंत गुरगुरते आणि पलंग थरथरतो. दोन वर्षांत चार भाडेकरू पळाले. घर दाखवायच्या दिवशी वॉचमन लिफ्ट बंद ठेवतो.

"हे तुम्ही माझ्या जागी दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगितलं असतं?" मोजणीदाराने विचारलं.

"नसतं सांगितलं," साडू म्हणाला. "वाईट घरालाही गिऱ्हाईक लागतंच, दादा. मी पोट भरतो त्याच्यावर. फक्त ते गिऱ्हाईक घरचं नसावं एवढं बघतो." आणि मग आणखी खाली वाकून, "सही करू नका. टोकन सोडा. लाखातले पन्नास मी देतो. ताईंना काही सांगायचं नाही, माझ्याकडून तर नाहीच."

इथे खरं तर मोजणीदार वाचला होता. पण साडूने पन्नास हजार ज्या सहजतेने उच्चारले ती सहजता त्याच्या छातीत काट्यासारखी घुसली. मोजणीदाराला पन्नास हजार बाजूला काढायला दीड वर्षं लागली असती. हा कूलरपाशी उभ्या उभ्या देत होता. शिवाय मन दुसरंही सांगत होतं, की भिंतबिंत काही नाही, कोणीतरी चौतीस लाखांचं गिऱ्हाईक आलं असणार आणि आता पन्नास देऊन हा वरचे साडेतीन लाख कमावणार. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नव्हत्या. पण जळणाऱ्या माणसाला दोन्ही पटतात.

"माझं मी बघतो, साडूभाऊ," तो म्हणाला, आणि जाऊन सही केली. अंगठ्याचा ठसाही दिला, ठळक.

बाहेर पैसे वाटले गेले. दंतवैद्याने साडूला पाकीट दिलं, साडूने ते न मोजता खिशात घातलं आणि मागे न बघता जिना उतरला. मोजणीदाराने गॉगलला पाकीट दिलं, गॉगलने दोनदा मोजलं.

"साडू आहात होय तुम्ही त्यांचे?" गॉगल रबरबँड लावत म्हणाला. "मग थेट त्यांच्याकडून का नाही घेतलं? घरच्यांकडून ते एक पैसा घेत नाहीत, फक्त विकणाऱ्याकडून घेतात. अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे."

मोजणीदार पायरीवर थांबला. हिशेब त्याला करावा लागला नाही, तो आपोआप झाला. साडूकडून घर घेतलं असतं तर साडूला मालकाकडून साठ हजार मिळाले असते. आता साडूला मालकाकडून साठ हजारच मिळाले. साडूचं एका दमडीचं नुकसान करण्यासाठी मोजणीदाराने स्वतःचे साठ हजार घातले होते, आणि ती दमडीसुद्धा कमी झाली नव्हती.

पहिले भाडेकरू म्हणजे एक नवं जोडपं, दीड महिना टिकलं. दुसरा बँकेतला कारकून, वीस दिवसांत डिपॉझिट मागायला आला. येताना डोळे लाल. मग तीन महिने घर रिकामं आणि मेंटेनन्स चालू. मोजणीदार बायकोला सांगायचा, हल्लीच्या लोकांना नखरे फार. तिने पाळणाघरात आणखी दोन मुलं घेतली. नऊची अकरा झाली.

मग एका दुपारी मुलांना शेजारणीवर सोपवून बायको एकटी त्या घरी गेली. कोणाला काही बोलली नाही. रिकाम्या बेडरूममध्ये कंबर टेकायला जागा नव्हती म्हणून भिंतीला पाठ लावून बसली. तासभर बसली असावी, कारण परत आली तेव्हा तिच्या पाठीवर चुन्याची पांढरी रेघ होती आणि लिफ्ट किती वेळा वर-खाली झाली तो आकडा तिच्या तोंडात होता. एकतीस.

तिने मोजणीदाराला चहा दिला, समोर बसली आणि एकच प्रश्न विचारला. "घर बघायला गेलात तेव्हा लिफ्ट चालू होती का?"

"बंद होती," मोजणीदार म्हणाला, "म्हणून तर चाळीस हजार कमी केले मी."

वाक्य तोंडातून निघाल्यावर त्याला ते ऐकू आलं. बायकोलाही आलं. ती हसली नाही, रडली नाही. उठून तिने भावोजींना फोन लावला आणि पुढची दहा मिनिटं ती फक्त 'हो' आणि 'अच्छा' म्हणत होती. डायरी, कूलर, पन्नास हजार, नोंदणीखर्चाच्या पोटातले साठ, सगळं त्या दहा मिनिटांत तिला कळलं असावं. साडूने आपणहून सांगितलं की तिने काढून घेतलं हे मोजणीदाराला अखेरपर्यंत समजलं नाही. विचारायची सोय नव्हती.

पंधरा दिवसांनी साडू भाडेकरू घेऊन आला. चाळीस वर्षं कारखान्यात बॉयलरजवळ काम केलेला म्हातारा होता. त्याच्या कानांनी त्याच्याआधीच निवृत्ती घेतली होती. त्याला भिंत दाखवली, लिफ्ट चालवून दाखवली. तो पलंगावर हात ठेवून म्हणाला की कारखान्यात पाळी संपली की असंच वाटायचं, मला झोप लागेल इथे. भाडं दहाचं आठ झालं. शिरस्त्याप्रमाणे दलाली मालकाकडून एक महिन्याचं भाडं.

मोजणीदाराची खात्री होती की साडू नको म्हणेल. नको म्हणेल, हसेल, आणि आपल्याला आणखी एक वर्ष जळायला पुरेल एवढं सरपण देऊन जाईल. बायकोने कपाटातून आठ हजार काढले आणि पोरं झोपली होती म्हणून हळूच, पण मोजून, साडूसमोर ठेवले.

"ताई, राहू दे," साडू म्हणाला.

"नाही भावोजी. घरचं म्हणून जे होतं ते ह्यांना नको होतं. घ्या."

साडूने मोजणीदाराकडे पाहिलं. मग पैसे उचलले, मोजले, आणि डायरी काढली. या वेळी त्याने ती मागून उघडली. शेवटची काही पानं उलट्या बाजूने लिहिलेली होती, घरच्या माणसांची. तिथे किमतीचा रकाना होता, दलालीचा आखलेलाच नव्हता. वरच्या पानावर 'दादा' असं लिहून खाली होतं: 'भाडं दहा तरी यावं. शांत हवं. ताई कधीमधी साफसफाईला जातील, पहिल्या मजल्यावर बघणे, कंबर.' साडूने त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ ओढली. डायरी फिरवून पुढून उघडली आणि पार्ट्यांच्या यादीत सगळ्यात खाली एक ओळ लिहिली. मोजणीदाराला ती ओळ उलटी दिसत होती, पण नकाशे उलटे वाचायची सवय सव्वीस वर्षांची. त्याचं आडनाव होतं, पुढे आठ हजार, जमा.

साडू निघाला तेव्हा 'येतो ताई' म्हणाला. मोजणीदाराला म्हणाला, "येतो साहेब."

त्या रात्री नकाशाच्या पाठीवर हिशेब मांडावा असं मोजणीदाराला वाटलं नाही, तरी तो मांडला गेलाच. दंतवैद्याने चार भाडेकरू पळालेलं घर खपवलं. गॉगलला साठ हजार. साडूला मालकाकडून साठ आणि वर आता आठ. बॉयलरवाल्याला दोन हजारांनी स्वस्त घर. आठातून मेंटेनन्स गेला की हातात उरणार सहा, आणि सहात पाळणाघर बंद होत नाही हे सांगायला गणित लागत नाही.

सकाळी आठला दाराची बेल वाजली. बायकोने पट्टा आणखी एक भोक आवळला, दार उघडलं, आणि अकरावं मूल आईच्या कडेवरून आपल्या कडेवर घेतलं.